लूमशेडमधलं नेटवर्क : लॅन केबलला हाताने कनेक्टर लावायच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

इचलकरंजी. दिवाळी झाली पण निम्मे कामगार अजून गावाकडून आलेले नाहीत, त्यामुळे दादाच्या शेडमधले निम्मे माग बंदच आहेत आणि म्हणूनच हे काम आत्ता काढलंय. एकदा सगळे माग सुरू झाले की शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी कानात ओरडावं लागतं, शिडी लावून केबल ओढणं तर लांबच. दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. खाली शेडमध्ये कॅमेरे, वर ऑफिसात बिलिंगचा कॉम्प्युटर, आणि यातलं काही ना काही सारखं बंद असतं. ज्याने हे बसवलं तो पोरगा फोन उचलतो, "येतो की संध्याकाळी" म्हणतो आणि येत नाही. मग दादा म्हणाला, "तू दिवसभर कॉम्प्युटरवरच बसतोस न्हवं, बघ की तुझ्यानं जमतंय का." कॉम्प्युटरवर बसणं आणि केबलला कनेक्टर लावणं याचा एकमेकांशी काही संबंध नाही हे दादाला सांगून उपयोग नव्हता.

सामान आणलं. क्रिम्पिंग टूल म्हणजे कनेक्टर केबलवर दाबून बसवायचं हत्यार, दोन डब्यांचा साधा टेस्टर, कॅट५ई प्रकारच्या केबलचे आरजे४५ कनेक्टर म्हणजे टोकाला लागणारे आठ पिनांचे प्लास्टिकचे प्लग, आणि त्यांच्यावर मागून चढवायच्या टोप्या, बूट. टूल घेताना दुकानदाराने आधी सगळ्यात स्वस्तातलं दाखवलं, साध्या पक्कडीसारखं, मी रॅचेटवालं घेतलं. रॅचेटवालं टूल पूर्ण दाबल्याशिवाय उघडतच नाही, म्हणजे आठही पिना पूर्ण खाली गेल्यात का हा प्रश्न निम्मा तरी सुटतो. इथे थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, बाकी कशात वाचवा. केबल नवीन आणली नाही, शेडच्या माळ्यावर त्या पोराने टाकून गेलेला अर्धा बॉक्स पडलाय, सरावाला तोच.

१० नोव्हेंबर

आज नुसता सराव.

वरचं आवरण दोन इंच सोलायचं. टूलमधल्या ब्लेडने गोल फिरवून सोलता येतं पण जोर जरा जास्त झाला की आतल्या तारेच्या प्लास्टिकवर चर पडते आणि ती तार पुढे कधीतरी तिथेच तुटते. त्यापेक्षा बरं म्हणजे हलकीशी रेघ मारायची आणि केबल त्या जागी वाकवायची, आवरण आपोआप फाटतं. आत एक पांढरा दोरा असतो तो मी आधी कापून टाकत होतो. तो दोरा आवरण उभं फाडायला दिलेला असतो, दोरा धरून मागे ओढला की आवरण चिरत जातं, मग ब्लेड लागलेला तोंडाचा भाग कापून टाकायचा आणि खालचा अस्पर्श भाग वापरायचा.

रंगांचा क्रम टी५६८बी घेतलाय: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-चॉकलेटी, चॉकलेटी. कनेक्टरची क्लिप खाली, सोनेरी पिना वर, केबल आपल्या बाजूने आत जाणार, तर एक नंबर डावीकडे. टी५६८ए पण आहे, त्यात केशरी आणि हिरव्याची अदलाबदल, बाकी सगळं तेच. बी फास्ट चालतं असं एका व्हिडिओत ऐकलं, काही अर्थ नाही त्यात, दोन्ही टोकांना एकच पाहिजे एवढंच. एका टोकाला ए आणि दुसऱ्याला बी लावली की क्रॉस केबल होते, पूर्वी दोन कॉम्प्युटर थेट जोडायला लागायची, आताची पोर्टं स्वतःच ओळखून घेतात.

खरं काम तारा सरळ करण्यात आहे. आतल्या आठ तारा जोडीजोडीने पिळलेल्या असतात, तो पीळ सोडवला तरी तारेत नागमोडी राहतेच, ती काढायला स्क्रूड्रायव्हरच्या दांड्यावरून अंगठ्याने दाबून ओढायची. मग आठही शेजारी शेजारी लावून चिमटीत घट्ट धरायच्या, डावीउजवीकडे जरा हलवायच्या म्हणजे बसतात, आणि एका झटक्यात सरळ कापायच्या, अर्ध्या इंचाच्या आसपास ठेवून. त्यापेक्षा लांब ठेवल्या तर आवरण कनेक्टरच्या आत पोचत नाही आणि मागचा प्लास्टिकचा खटका आवरणाऐवजी उघड्या तारांवर बसतो. आखूड ठेवल्या तर तारा टोकापर्यंत जात नाहीत. दाबायच्या आधी कनेक्टर समोरून उजेडात धरून बघायचा, आठ चकचकीत ठिपके दिसले पाहिजेत. सात दिसले तर दाबायचं नाही, बाहेर काढून परत.

एक गोष्ट खटकतेय. सरळ करताना तारा मोडतायत. दोनदा वाकवली की पट्कन तुटते. माझ्या हाताचा जोर की काय कोण जाणे.

१३ नोव्हेंबर

आज मजा झाली. शेडमध्ये नवा बीम जोडायला वहिफणीवाले मामा आले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मागावर नवीन प्रकारचं कापड लावायचं तर ताण्याचा प्रत्येक धागा आधी वहीच्या डोळ्यातून आणि मग फणीच्या दातातून ओवावा लागतो, हजारो धागे, आणि एक जरी चुकला तर कापडात शेवटपर्यंत रेघ. मामांची हयात त्यात गेली. चहाला थांबले तेव्हा माझं चाललेलं बघत होते.

माझी अडचण अशी होती की या केबलमधल्या पांढऱ्या तारांवर रंगीत पट्टाच नाही. चारही नुसत्या पांढऱ्या. चारही जोड्या एकदम सोडवल्या की कुठली पांढरी कुणाची काही कळत नाही. मामा म्हणाले, "मग सगळ्या एकदम सोडतोसच कशाला? एक सोड, जाग्यावर लाव, अंगठ्याखाली धर, मग दुसरी." आणि केबल हातात घेऊन करून दाखवलं. केशरी जोडी सोडवली, पांढरी डावीकडे, केशरी शेजारी, अंगठा वर. हिरवी सोडवली, तिची पांढरी तिसरी, हिरवी मधे जागा सोडून पलीकडे वाकवून ठेवली. निळी त्या जागेत, निळा आधी आणि पांढरी नंतर. चॉकलेटी शेवटी. कापेपर्यंत अंगठा उचलला नाही. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा लॅन केबल हातात धरली होती आणि तारा अशा बसल्या होत्या की मला लाजच वाटली. "सूत ओढून धरायचं, ढिलं सोडलं की पळतंय," एवढं बोलून गेले. रंग मात्र मी सांगत होतो, चष्मा घरी राहिला होता त्यांचा.

यूट्यूबवर दोन दिवस घालवले होते, त्यापेक्षा ही पाच मिनिटं कामाची.

१४ नोव्हेंबर

वरच्या ऑफिसातला बिलिंगचा कॉम्प्युटर. तक्रार अशी की टॅली सर्व्हरवरून उघडायला वेळ लागतो, मधेच लटकतं. विंडोजमध्ये बघितलं तर कनेक्शनचा स्पीड कधी १०० एमबीपीएस आणि कधी चक्क १०, स्विच, म्हणजे सगळ्या केबल जिथे एकत्र जोडतात तो डबा, गिगाबिटचा म्हणजे १००० एमबीपीएसचा असताना. टेस्टर लावला तर एक ते आठ सगळे दिवे रांगेत, दोन्ही बाजूला, एकदम शिस्तीत. म्हणजे टेस्टरच्या हिशोबाने केबल ओके.

मग कनेक्टरच्या पारदर्शक प्लास्टिकमधून रंग वाचले. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-चॉकलेटी, चॉकलेटी. दोन्ही टोकांना सेम. बघायला किती छान दिसतं, जोडी शेजारी जोडी, आणि नेमकं तेच चुकीचं.

कारण असं आहे. केबलमधल्या जोडीतल्या दोन तारांवर उलटसुलट सिग्नल जातो आणि पलीकडे दोघांतला फरक मोजला जातो. दोन्ही तारा एकमेकींना पिळलेल्या असल्यामुळे बाहेरचा जो काही गोंगाट येतो तो दोघींवर सारखाच येतो आणि फरक काढताना निघून जातो. चार जोड्यांचा पीळही मुद्दाम कमीजास्त ठेवलेला असतो, एका जोडीचं दुसरीत उतरू नये म्हणून, केबल फाडून शेजारी ठेवल्या की डोळ्यांनी दिसतं. आता कॉम्प्युटरमधलं नेटवर्क कार्ड आणि स्विच जोड्या धरतात त्या १-२, ३-६, ४-५, ७-८ अशा. पोराने लावलेल्या क्रमात तीन नंबरला हिरव्या जोडीतली तार आणि सहाला निळ्या जोडीतली. म्हणजे सिग्नल जातोय दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या एकेका तारेवरून, पिळाचा उपयोग शून्य, वर दोन्ही जोड्या एकमेकींत बडबडतायत. साधा टेस्टर फक्त तार या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते का एवढंच बघतो. कोण कुणाशी पिळलंय हे त्याला कळायचं काही साधनच नाही.

आणि ३-६ असं विचित्र का, मधे ४-५ ला घेऊन? हे टेलिफोनकडून आलंय. फोनची लाईन मधल्या दोन पिनांवर असायची, दुसरी लाईन तिच्या बाहेरच्या दोन पिनांवर. ते तसंच ठेवलं आणि उरलेल्या दोन जोड्या कडेला शेजारी शेजारी दिल्या. १९९१ मध्ये केबलिंगचं स्टँडर्ड आलं तेव्हापासून आपण सगळे हा हिरवा उड्या मारत बसवतोय.

दोन्ही टोकं कापून नवीन लावली. १ जीबीपीएस. दादाने टॅली उघडून बघितलं, काही बोलला नाही, चहा मागवला.

१०० एमबीपीएसला फक्त १, २, ३, ६ या चारच तारा लागतात, गिगाबिटला, जे तांब्याच्या केबलवर १९९९ मध्ये आलं, आठही लागतात. त्यामुळे गिगाबिटच्या पोर्टवर स्पीड १०० दिसत असेल तर आधी कनेक्टरकडे बघा, बहुतेक वेळा एखादी तार बसलेली नसते. इंटरनेट कंपनीला फोन नंतर करा.

१६ नोव्हेंबर

तारा का मोडत होत्या ते सापडलं.

मागच्या गेटवरचा कॅमेरा दिवसा नीट चालतो आणि अंधार पडला की बंद-चालू बंद-चालू. हे दोन वर्षं चाललंय आणि सगळे कॅमेराच खराब म्हणतायत, एकदा बदलूनही झाला. बघितलं तर कॅमेऱ्याला करंट असा दिलाय: ऑफिसात १२ व्होल्टचा अॅडॉप्टर, त्याच्या तारा लॅन केबलच्या रिकाम्या जोड्यांवर, ४-५ ला प्लस आणि ७-८ ला मायनस, आणि डेटा उरलेल्या चारवर. जुगाड तसा सगळीकडे करतात. केबल साधारण ४५ मीटर. मल्टिमीटर लावला, कॅमेऱ्याच्या टोकाला दिवसा १०.२ व्होल्ट. संध्याकाळी परत शिडीवर चढलो, रात्रीचे लाल एलईडी लागले तसे ८.४ आणि कॅमेरा गेला.

२४ गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप) तांब्याची तार १०० मीटरला ८.४ ओहमच्या आसपास असते. त्या हिशोबाने एवढा व्होल्टेज पडायला नको. म्हणून माळ्यावरच्या त्याच बॉक्समधली तार ब्लेडने खरवडली. वरून तांबडी, आतून पांढरी. अॅल्युमिनियम! वर फक्त तांब्याचा मुलामा, बाजारात सीसीए म्हणतात. रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणजे ४५ मीटरला एका तारेत ६ ओहम धरा, दोन दोन तारा जोडून जाऊन-येऊन ६ ओहम. दिवसा ०.३ अँपिअर घेतला की १.८ व्होल्ट वाटेत गेले, रात्री ०.६ घेतला की ३.६ गेले. मीटरवर तेच दिसत होतं.

आणि अॅल्युमिनियम दोनदा वाकवलं की मोडतंच. उगाच हाताला दोष देत होतो.

स्टँडर्डमध्ये ही केबल बसतच नाही, तिथे पूर्ण तांबं लागतं. पण बॉक्सवर कॅट६ छापून राजरोस विकतात. दुकानात ओळखायला सोपं, बॉक्स उचलून बघा, ३०५ मीटरचा तांब्याचा बॉक्स हाताला चांगला जड लागतो, हा अगदीच हलका. नाहीतर तोंडाची तार खरवडून दाखवा म्हणायचं, दुकानदार नाही म्हणाला तर उत्तर मिळालंच. ऑफिसची केबल खरवडून बघितली, ती तांब्याची निघाली, नशीब.

ठरलं: कॅमेऱ्यांची सगळी केबल बदलायची आणि पीओई स्विच घ्यायचा. कॅमेरे पीओईवर चालतात असं बॉक्सवर लिहिलंय, कुणी वाचलं नाही. पीओई म्हणजे याच केबलवरून ४८ व्होल्टच्या आसपास, साध्या प्रकारात स्विचकडून पोर्टला १५.४ वॅटपर्यंत. व्होल्टेज चौपट म्हटल्यावर तेवढ्याच पॉवरला करंट पावपट, वाटेतला लॉस नगण्य. दादाला खर्च सांगितला. "त्या पोराला दिलेले पैसे आठवून पोटात दुखाय लागलंय," म्हणाला, पण दिले.

२० नोव्हेंबर

मतदान करून आलो. माग सगळे बंद, शेड एकदम शांत, त्यामुळे जुनी केबल काढायला आणि नवीन ओढायला दिवस सोन्यासारखा.

जुनी केबल मागांच्या थ्री फेज वायरींबरोबर एकाच पाइपात होती. असं करू नये, मोटरी चालू-बंद होताना जो दणका बसतो तो केबलमध्ये उतरतो आणि इन्सुलेशन कधी सोललं तर लॅन पोर्टवर थेट लाईट. आता वेगळा पाइप, वेगळ्या भिंतीने, आणि जिथे ओलांडायलाच लागतं तिथे काटकोनात. ओढताना जोर लावायचा नाही, फार ओढलं की आतले पीळ ताणले जातात, बाहेरून कळत पण नाही. कोपऱ्यावर टोकदार वाकवायची नाही. टाय घट्ट आवळायचे नाहीत. सगळ्यात लांबचा कॅमेरा ७० मीटरच्या आत आहे, १०० ची मर्यादा आहे त्यामुळे चिंता नाही. गेटकडचा उन्हातला तुकडा पाइपाच्या आतूनच नेला, साधं आवरण उन्हाने तडकतं. घुशींचं काय करायचं ते मात्र माहीत नाही.

२४ नोव्हेंबर

नवीन केबल कॅट६, खरी तांब्याची. आणि जुने कनेक्टर हिला बसत नाहीत! तार २३ गेजची म्हणजे २४ पेक्षा जाड, प्लास्टिक पण जाड, आठ शेजारी शेजारी कनेक्टरच्या तोंडात मावतच नाहीत. मधे प्लास्टिकचा फुलीसारखा दांडा असतो, जोड्या लांब ठेवायला, तो आवरणाच्या काठाला कापून टाकायचा. कॅट६ चा कनेक्टर वेगळा मिळतो, आत चार भोकं वर चार खाली अशी, आणि बरोबर एक छोटी पट्टी येते, तारा आधी पट्टीत ओवायच्या, तिरक्या कापल्या की एकेक करून सहज जातात, मग पुढचं टोक सरळ छाटायचं आणि पट्टी कनेक्टरमध्ये ढकलायची.

आरपार जाणारे कनेक्टर पण घेऊन बघितले. तारा पुढून बाहेर येतात, रंग डोळ्यासमोर दिसतात, टूल दाबताना पुढचं जास्तीचं छाटतं. शिकणाऱ्याला मस्त. पण त्याला टूल वेगळं लागतं, आणि ब्लेड जरा बोथट झालं की तांब्याची टोकं तोंडाशी उघडी राहून एकमेकींना टेकायची भीती, पीओईच्या केबलला ते नको. मी पट्टीवालेच ठेवले.

३० नोव्हेंबर

कामगार परतले, सगळे माग सुरू. आणि लगेच मधल्या खांबावरचा कॅमेरा दर दहा मिनिटांनी गुल. बाकीचे ठणठणीत. खांबाला हात लावला तर दाताला मुंग्या येतील एवढा थरथरतो. तिथे जाड कॅट६ थेट कॅमेऱ्याच्या छोट्या शेपटीत खुपसलेली, केबलचं वजन आणि थरथर दोन्ही कनेक्टरवर. अखंड तारेची केबल भिंतीत स्थिर राहायला बनवलेली असते, सतत हलणाऱ्या जागेला बारीक तारांच्या जुडग्याची पॅच कॉर्ड लागते.

म्हणून खांबावर डबी ठोकली, तिच्यात जॅक, आणि जॅकपासून कॅमेऱ्यापर्यंत कंपनीतून आलेली अर्ध्या मीटरची पॅच कॉर्ड, मधे जरा झोळ ठेवून. जॅक बसवणं कनेक्टरपेक्षा कितीतरी सोपं निघालं, जॅकवरच रंग छापलेले असतात, तार खाचेवर ठेवायची आणि पंचिंग टूलने दाबायची, खट् आवाज येतो, जास्तीची तार आपोआप तुटते. पीळ अगदी खाचेपर्यंत तसाच ठेवता येतो. आधी हे कुणी सांगितलं असतं तर सगळीकडे जॅकच लावले असते आणि हाताने कनेक्टर लावायच्या फंदात फारसा पडलोच नसतो.

डबीला झाकण पाहिजेच. एका दिवसात रिकाम्या पोर्टात कापसाचे तंतू जाऊन बसलेत.

५ डिसेंबर

खांबावरचा कॅमेरा त्यानंतर गेला नाही. गेटवरचा रात्रभर चालतो, दादा मोबाईलवर बघत बसतो. दोन्ही टोकांना नंबरच्या चिठ्ठ्या लावल्या, स्विचच्या बाजूच्या चिठ्ठीवर खांबाचा नंबर पण लिहिला.

बाकी राहिलेलं: जिन्याखालचा कॅमेरा अजून जुन्याच केबलवर आहे, तिथे पाइप टाकायला भिंत फोडायला लागणार. सर्व्हरची पॅच कॉर्ड क्लिप तुटलेली, बदलायची. उरलेला सीसीएचा बॉक्स शेजारच्या शेडवाल्याने मागितला, "पडूनच आहे न्हवं" म्हणून. केबल देणार नाही म्हणालो, टूल आणि टेस्टर लागेल तेव्हा घेऊन जा.